परदेशातली सहामाही

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘सहामाही’ हा शब्द ऐकला, की निवृत्तीनंतरही पोटात बारीकसा गोळा येतो. सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर. व्याजाची आकारणी, न जुळणारा ताळेबंद, चौतीस पैशांच्या फरकापायी रात्री दोनपर्यंत शाखेत बसलेले आम्ही आठ-दहा जण आणि थंडगार झालेले बटाटेवडे. शाळेतल्या मुलांना याच शब्दाने परीक्षा आठवते. जर्मनीतल्या विद्यापीठांचे हिवाळी सत्रही कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असेच असते, हे मला २०२४ साली समजले. त्या वर्षी माझी भाची पुण्याहून दक्षिण जर्मनीतल्या एका जुन्या विद्यापीठाच्या गावी एका सत्रापुरती शिकायला गेली. तिच्या त्या सहामाहीचा ताळेबंद आज मांडायचा आहे. मांडताना नावे बाजूला माझे स्वतःचे नाव लिहावे लागणार, म्हणून थोडा संकोच वाटतो.

भाची अर्थशास्त्रात एम. ए. करत होती. दोन विद्यापीठांच्या आपापसांतल्या करारानुसार तिची निवड झाली. शिक्षणशुल्क इथले इथेच भरायचे, तिथे राहण्याजेवणाचा खर्च आपला. व्हिसासाठी जर्मनीत एक बंद खाते उघडून सगळी रक्कम आधी भरावी लागते आणि मग दरमहा ठरावीक पैसेच बाहेर निघतात. सप्टेंबर २०२४ पासून ही मासिक रक्कम ९९२ युरो झाली. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेपाच लाखांच्या आसपास रुपये. मुलाच्या हाती एकदम पैसा द्यायचा नाही आणि महिन्याच्या महिन्याला उपाशीही ठेवायचे नाही, ही युक्ती माझ्यातल्या बँकवाल्याला फार पटली. कागदपत्रे मीच तपासली. विमा, पारपत्र, निवासाचा पत्ता, सगळे चोख होते.

चोखपणाचा मला अनुभव होता. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली आणि त्यानंतर परदेशी जाणाऱ्या मुलांची कितीतरी प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. तारण काय, जामीनदार कोण, हप्ता कधी सुरू होणार, हे मी खोदून खोदून विचारत असे. ‘तिथे तू कुणाबरोबर राहणार? आजारी पडलास तर दार कोण वाजवणार?’ असे एकाही मुलाला मी विचारल्याचे आठवत नाही. अर्जात तसा रकानाच नव्हता.

भाची गेल्यावर आमच्याकडे एक नियम आपोआप पडला. रात्री नऊला, जेवणे आटोपून ओटा आवरला, की माझी बहीण डब्याला टेकवून फोन उभा करी आणि पलीकडे भाचीचा चेहरा दिसे. आम्ही एकाच इमारतीत राहतो, त्यामुळे बहुतेक वेळा मीही तिथेच. काय जेवलीस, स्वेटर घातलास का, आज वर्गात काय झाले. अर्धा-पाऊण तास सहज जाई. सुरुवातीला ती भरभरून बोलायची. वेळापत्रकात दहाच्या तासापुढे ‘सी. टी.’ ही लॅटिन आद्याक्षरे असली, की तास सव्वादहाला सुरू होतो. ती पंधरा मिनिटे रिवाजाचीच. व्याख्यान संपले की मुले टाळ्या वाजवत नाहीत, बोटे मुडपून बाकावर टकटक करतात. पाण्याची रिकामी बाटली दुकानात परत दिली की पंचवीस सेंट मिळतात. रविवारी दुकाने बंद. कचऱ्याचे डबे वेगवेगळे, आणि चहाची पिशवी चुकीच्या डब्यात टाकली म्हणून शेजारच्या खोलीतल्या मुलीने तिला कचऱ्यावर दिलेले दहा मिनिटांचे व्याख्यान. आम्ही पोट धरून हसलो होतो.

नोव्हेंबरात तिने एक फोटो पाठवला. सात-आठ मुले-मुली, मागे पाने झडलेले रान, हातांत वाफाळते पेले आणि मधोमध आमची भाची, एकीच्या गळ्यात हात टाकून. वार बुधवार. बहीण काही बोलली नाही. मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला. बोललो तो मी.

“अभ्यासाला गेली आहेस की सहलीला? बुधवारी कॉलेज नसतं का तुम्हाला?”

मी ते विनोदाने म्हणालो, असे मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण घरातल्या वडीलधाऱ्याचा विनोद सहा हजार किलोमीटरवर पोहोचेपर्यंत विनोद राहत नाही. त्यानंतर तसे फोटो आले नाहीत. नऊच्या फोनला ती वेळेवर हजर असायची. मागे टेबलावर पुस्तकांची चळत दिसायची. गाडी रुळावर आली, अशी आमची समजूत झाली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेबाराला, माझ्या एकट्याच्या फोनवर तिचा आवाजी निरोप आला. “मामा, आईला लगेच सांगू नकोस. माझा एक पेपर गेला. नापास नाही झाले, मला बसताच येणार नाही.”

मी उठून गॅलरीत गेलो आणि तिला फोन लावला. हळूहळू सगळे कळले. तिथे विषयाला नाव घातले म्हणजे परीक्षेला नाव घातले असे होत नाही. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिला मुदत असते आणि ती उलटली की कुणी रदबदली करत नाही. मुदत डिसेंबरच्या मध्यात संपली होती. सूचना संगणकावर होती, जर्मनमधून. तिच्या वर्गातल्या इतर मुलांनाही ती काही आकाशवाणीने समजली नव्हती. तासानंतर सगळे मिळून कॉफीला बसत, तिथे कुणीतरी कुणालातरी विचारले होते, ‘नाव नोंदवलंस ना?’ एवढेच. ही त्या कॉफीला नव्हती.

“का जात नव्हतीस तू?” मी विचारले.

“ते सगळे साडेचारला जमतात. साडेचारला तुमचा फोन असतो ना.”

हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आमचे रात्रीचे नऊ म्हणजे तिथले दुपारचे साडेचार. तास सुटण्याची, ग्रंथालयातून बाहेर पडण्याची, ‘चल, थोडं बसू या’ असे कुणी म्हणण्याची वेळ. डिसेंबरात अंधारही त्याच सुमारास पडतो. म्हणजे अंधार पडताना बाकीची मुले एकमेकांच्या सोबतीला जात होती आणि आमची मुलगी खोलीचे दार लावून घेऊन, पुस्तकांची चळत मागे दिसेल अशी बसून, आम्हाला ‘मी मजेत आहे’ असे सांगत होती. तेही पंचाहत्तर दिवस. आयुष्यभर इतरांच्या खात्यांतल्या चुका शोधत बसलेल्या मला हा साडेचार तासांचा फरक दिसला नव्हता.

आपल्याकडे अभ्यास आणि मित्रमंडळी यांचे नाते पाणी आणि दूध यांच्यासारखे मानतात. एक वाढले की दुसरे पातळ झाले. आपण स्वतः तसे वाढलो. दहावीच्या वर्षी केबल तोडणारे, पाहुण्यांना ‘यंदा येऊ नका’ म्हणणारे लोक आपण. इथे ते काही अंशी चालूनही जाते, कारण मुलाच्या भोवती घर असते. त्याने तोंड उघडले नाही तरी आजीला कळते की पोराचे बिनसले आहे. शिवाय अभ्यासक्रम, गाइड, क्लास, मागच्या पाच वर्षांचे पेपर हे सारे घरपोच येते. परदेशातल्या एका सत्रात यातले काही नसते. तिथे माहितीही माणसांतून येते आणि धीरही माणसांतून येतो. जो माणसांत नाही, तो अभ्यासातही नाही.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, आकड्यांतही ते दिसते. युरोपातल्या विद्यापीठांत एका सत्राचा अभ्यास ३० श्रेयांकांचा धरतात, वर्षाचा ६०. एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम. जर्मनीत तीस धरतात. तेव्हा एका सत्राचे झाले ९०० तास. आठवड्याला वीसेक तास वर्ग आणि असे चौदा-पंधरा आठवडे धरले, तर वर्गात जाणारा वेळ तीनशे तास. उरलेले सहाशे तास कुठे गेले? ते ग्रंथालयात, गटाच्या चर्चेत, प्रबंधिकेच्या खाडाखोडीत आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात खर्च व्हावेत अशी त्या पद्धतीची अपेक्षाच असते. अनेक तासांना तर हजेरीही घेत नाहीत. कुणी विचारत नाही म्हणून आपला मुलगा खूश होतो, आणि सत्राच्या शेवटी एकाच लेखी परीक्षेवर सगळे अवलंबून आहे हे कळल्यावर त्याचे पाय लटपटतात. त्या सहाशे तासांना सोबत लागते.

भाचीची सोबत ज्या मुलीने केली ती तीच, कचऱ्यावर व्याख्यान देणारी. नाताळात तिथली वसतिगृहे ओस पडतात. सगळे आपापल्या गावी जातात, खानावळ बंद, दुकाने बंद. ही एकटी राहणार असे दिसताच त्या मुलीने फारसे गोड न बोलता सांगितले, “तू माझ्याबरोबर चल. आई म्हणाली आहे.” त्या भागातली माणसे बोलायला कोरडी, पण बोलली तर ते खरे, असे भाचीचे मत झाले आहे. मुलीचे आईवडील शेतकरी. वीस-पंचवीस गाई, थोडे मक्याचे रान. गावात एक बँक आणि तिला लागून बी-बियाणे व पशुखाद्याचे दुकान. दोन्हींवर नाव एकच: रायफायझन.

आता योगायोग असा, की ग्रामीण पतपुरवठ्याच्या सेमिनारमध्ये भाचीच्या वाट्याला जो विषय आला होता तो हाच. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन हा १८१८ साली जन्मलेला जर्मन गृहस्थ. १८४६-४७ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तो वायरबुश या लहानशा गावाचा तरुण महापौर होता. त्याने गावातल्या सधन लोकांना हाताशी धरून भाकरी-संघ काढला, गरजूंना उधारीवर पाव मिळेल अशी सोय केली. पुढे त्याच्या लक्षात आले की श्रीमंतांच्या दयेवर संस्था फार काळ चालत नाही. १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे त्याने अशी पतसंस्था उभी केली जिच्यात सभासद स्वतःच एकमेकांसाठी जबाबदार होते. सावकाराच्या पाशातून सुटण्याचा तो मार्ग ठरला. मद्रास प्रांतातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातल्या अशा संस्थांचा अभ्यास करून अहवाल दिला, त्याचे सार एका वाक्यात सांगतात: रायफायझनला शोधून काढा. मग १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी उभा राहिलेला साखर कारखाना हा त्याच वेलीवर पुढे आलेला.

हे सगळे पुस्तकात होते, आणि भाचीने ते डिसेंबरात खोलीत बसून टिपूनही काढले होते. पण पुस्तकात जे ‘सभासदांची परस्पर जबाबदारी’ होते, ते तिला त्या शेतकऱ्याच्या जेवणाच्या टेबलावर दिसले. त्याने तिला विचारले, “तुमच्याकडे शेतकऱ्याला कर्ज कोण देतं?” आणि तिला एकदम आपले आजोबा आठवले. तिचे आजोबा, म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे सचिव होते. कंदिलाच्या उजेडात खतावणी लिहिणारे, वसुलीला गेले की परतताना कर्जदाराच्याच घरी भाकरी खाऊन येणारे. त्या गोष्टी ऐकतच ती वाढली होती. त्या दिवशी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तिने त्या सांगितल्या. शेतकऱ्याला कर्जदाराच्या घरची भाकरी बरोब्बर समजली.

जानेवारीअखेर तिचे सेमिनारमधले भाषण झाले. त्याआधी तीन रात्री तिने मला प्रश्न विचारून भंडावून सोडले: जिल्हा बँक आणि सोसायटीचा संबंध काय, थकबाकी वर कशी सरकते, निवडणुका कशा होतात. मी इतका उपयोगी यापूर्वी कधी पडलो नव्हतो. भाषणानंतर मुलांनी बाकावर टकटक केली, आणि दोन मुलांनी तिच्याशी कडाक्याचा वाद घातला. तिथे त्याचा अर्थ भाषण चांगले झाले असा होतो. तिला १.३ गुण मिळाले. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आले. “दहापैकी दीडसुद्धा नाही?” जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास, हे तिला समजावून सांगेपर्यंत मेहुण्यांचाही रक्तदाब वाढला होता.

शेवटचा हिशेब असा: तीस श्रेयांकांपैकी चोवीस मिळाले, सहा गेले. त्या विषयाची भरपाई पुण्यात परतल्यावर पुढच्या सत्रात करावी लागली. त्या सहा श्रेयांकांच्या तोट्यावर सही माझी आहे. एका बुधवारच्या फोटोवर मारलेल्या शेऱ्याची ती किंमत.

परदेशातल्या मैत्रीची किंमत आपल्याच इतिहासात किती ठळक लिहिलेली आहे! डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या गायकवाड महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम केले; शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. या यादीपुढे आपल्या मुलांनी हात जोडावेत. पण याच काळात वसतिगृहात त्यांच्याबरोबर राहणारा एक पारशी विद्यार्थी होता, नवल भथेना. जातीमुळे स्वदेशात ज्यांना घर मिळणे मुश्कील होते, त्यांना तिथे खोलीतला सोबती मिळाला आणि तो जन्मभराचा मित्र झाला. अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला १९२० साली आंबेडकर पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची शिल्लक आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत यांच्या जोडीला पाच हजार रुपयांचे कर्ज होते ते या भथेनांचे. मी बँकेत असंख्य कर्जे मंजूर केली. त्या काळच्या पाच हजारांना तारण काय होते, तर वसतिगृहातल्या एका खोलीतली ओळख. याहून भक्कम तारण मी पाहिलेले नाही.

त्याच कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेली आणखी एक हकीकत आहे. सोफिया कोर्राडी नावाची रोमची कायद्याची विद्यार्थिनी तिथे शिष्यवृत्तीवर जाऊन पदव्युत्तर पदवी घेऊन १९५८ साली मायदेशी परतली, तर तिच्या विद्यापीठाने तो अभ्यास मोजायलाच नकार दिला. परदेशात हिंडून आलीस, आता इथला अभ्यास कर, असा एकूण सूर. म्हणजे माझ्यासारखे मामा इटलीतही होते. त्या मुलीने पुढची कित्येक वर्षे हाच ध्यास घेतला, की परदेशात केलेला अभ्यास स्वदेशी धरला गेला पाहिजे. अखेर १९८७ मध्ये युरोपात ‘इरास्मस’ योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी. त्यानंतरच्या वर्षांत ही संख्या लाखोंवर गेली आणि कोर्राडीबाईंना लोक ‘मम्मा इरास्मस’ म्हणू लागले. २०१४ साली युरोपीय आयोगाने या योजनेचा परिणाम तपासला, तेव्हा एक गमतीचा आकडा बाहेर आला: या विद्यार्थ्यांपैकी २७ टक्के जणांना आपला जोडीदार परदेशातल्या त्या मुक्कामात भेटला होता, आणि अशा जोडप्यांची मुले दहा लाखांच्या घरात असावीत असा आयोगाचा अंदाज होता. हा आकडा मी बहिणीला सांगितलेला नाही. आपणही घरोघरी जपूनच सांगावा.

मात्र एक बाजू मांडून थांबणे हिशेबाला धरून होणार नाही. परदेशात गेलेला प्रत्येक जण मैत्रीतून शहाणाच होतो असे नाही. पाहुण्या विद्यार्थ्यांचा एक वेगळाच तांडा प्रत्येक विद्यापीठात असतो. स्पॅनिश, इटालियन, ब्राझीलियन, भारतीय, सगळे एका सत्रापुरते आलेले. त्यांची रात्र रोज असते, स्थानिक माणूस त्यात एकही नसतो आणि सत्र संपताना श्रेयांकांची पाटी कोरी. दुसरा तांडा आपलाच. चार मराठी मुले एकत्र आली की पिठलेभात, क्रिकेट आणि इथल्या राजकारणावर वाद. भाषेचा ताण पडत नाही, म्हणून बरे वाटते. पण सहा महिने पुण्यातच राहिल्यासारखे होते, फक्त थंडी जास्त. आजारपणात, सणावाराला आपली माणसे हवीतच. दिवाळीत भाचीलाही त्यांनीच सांभाळले. पण त्या वर्तुळाला एक दार असावे. तिसरी गोष्ट पैशाची. बर्फावर घसरायला जाणाऱ्या मित्रांबरोबर प्रत्येक मुलाला परवडणार नाही, आणि कर्ज काढून गेलेल्या मुलाच्या मनात प्रत्येक कॉफीचे रुपयांत रूपांतर होत असते. त्याला ‘मजा कर’ असे नुसते सांगणेही क्रूरपणाचे आहे.

म्हणून मोजकीच पथ्ये, अनुभवाने शिकलेली. मूल निघण्याआधी त्या देशाची भाषा निदान बाजारहाटाइतकी शिकू द्यावी. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. एका सेमिनारचा सारा वाद जर्मनमध्ये समजला नाही तरी चालते, स्वयंपाकघरातली थट्टा समजली पाहिजे. महिन्याच्या खर्चात घरभाडे आणि किराणा यांच्याबरोबर ‘माणसांसाठी’ असा एक लहानसा रकाना आपण होऊन घालावा, म्हणजे कॉफीचे पैसे देताना मुलाला चोरी केल्यासारखे वाटणार नाही. पहिल्याच आठवड्यात परीक्षेच्या नोंदणीची तारीख शोधून भिंतीवर लावायला सांगावी. आणि फोन. फोन लावण्यापूर्वी तिथे किती वाजले आहेत हे बघावे, पण तेवढ्यावर थांबू नये. त्या वेळेला तिथली माणसे काय करत असतात, हेही विचारावे.

आमच्याकडे जानेवारीत फोनची वेळ बदलली. सोपे गेले नाही. बहीण म्हणाली, “दादा, मुलगी लांब आहे, तिचा चेहरा दिसला नाही तर मला झोप येत नाही.” तिचे चूक नव्हते. अखेर ठरले ते असे: रोज दोन ओळींचा निरोप, आणि रविवारी आपल्या दुपारी साडेचारला निवांत फोन, म्हणजे तिच्याकडचे बारा. रविवारी तिथे दुकानेही बंद, वर्गही बंद. पहिले चार दिवस बहीण रात्री नऊला ओट्याशी उगीचच उभी राहिली. मग तिने त्या वेळात वाचायला घेतले.

या सगळ्या काळात मला आमच्या जुन्या वाड्यातल्या शेजारीणबाई वारंवार आठवत. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातल्या महाविद्यालयांच्या एका संघाचा भारत-अभ्यासक्रम पुण्यात वर्षानुवर्षे चालत असे. एलिनॉर झेलियट ज्या कार्लटन महाविद्यालयात शिकवत, तेही त्याच संघातले. ती मुले सत्रभर पुण्यातल्या कुटुंबांत राहत, मराठी शिकत, एखादा विषय घेऊन त्यावर काम करत. शेजारीणबाईंकडे अशी एक मुलगी होती. त्या काळी परदेशी फोन लावायचा म्हणजे आधी नोंदवून वाट बघत बसायचे आणि पत्राला पंधरा दिवस. त्या मुलीचे आईवडील तिकडे कसे राहत असतील, असा विचार तेव्हा आमच्या मनालाही शिवला नाही. बाईंनी तिला मंडईत नेले, हळदीकुंकवाला नेले, पोळ्या लाटायला बसवले, ‘उच्चार नीट कर’ म्हणून रागे भरल्या. तिचा अभ्यास भाजीवाल्या बायांवर होता. तो तिने मंडईत बसून, त्यांच्याशी बोलत बोलत पुरा केला. आमच्यापैकी कुणीही तिला ‘अभ्यासाला आलीस की गप्पा मारायला?’ असे विचारले नाही. गप्पा हाच तिचा अभ्यास होता, हे वाड्यातल्या चौथी शिकलेल्या बाईला कळले होते. परक्या मुलीच्या बाबतीत जे शहाणपण आपल्याजवळ होते, ते स्वतःच्या मुलीच्या वेळी कुठे गेले?

बहुधा भीतीने गेले. साडेपाच लाख रुपये, व्हिसा, मुलगी, परका देश. भ्यालेला माणूस मोजता येणाऱ्या गोष्टीला घट्ट धरतो. गुण मोजता येतात, म्हणून आपण गुण विचारतो. ‘आज कुणाबरोबर जेवलीस?’ या प्रश्नाचे उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचे, ते आपल्याला ठाऊक नसते. तरी तोच प्रश्न विचारावा. पलीकडून पटकन एखादे नाव आले तर निश्चिंत असावे. उत्तर यायला वेळ लागला, तर मात्र रागावू नये, थोडे थांबावे, आणि फोनवरून आपला चेहरा बाजूला करून तिला बाहेर पडायला वेळ द्यावा.

भाची परतली ती एप्रिलच्या उन्हात. येताना तिने त्या वसतिगृहातली एक चाल आणली. तिथे स्वयंपाकघरात कोणी कोणत्या आठवड्यात काय साफ करायचे याचा तक्ता लावलेला असतो. तसा एक तक्ता आता बहिणीच्या फ्रिजवर आहे. त्यात मेहुण्यांचे नाव आहे, बहिणीचे आहे आणि रविवारच्या भांड्यांपुढे माझे आहे. नाताळात हिला घरी नेणारी ती शेतकऱ्याची मुलगी पुढच्या पावसाळ्यात आमच्याकडे यायची आहे. तिला सातारचे ते गाव आणि आमच्या वडिलांची सोसायटी पाहायची आहे. बहिणीने आत्तापासून विचारायला सुरुवात केली आहे, की पोरीला तिखट चालते का. मी तिच्या आईवडिलांचा विचार करतो आहे. त्यांच्याकडे दुपारचे साडेचार वाजतील तेव्हा इथे रात्र झालेली असेल आणि त्यांची मुलगी आमच्या जेवणाच्या ताटावर असेल. फोन आला तर घेऊच. पण तो आला नाही, तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते असे मी समजेन.